बंद मिलचं कलासंकुल करायचंय? मंगल कार्यालय होऊ न देता ते कसं जमवायचं, पायरी पायरीने

सोलापुरात एखाद्या बंद शेडबद्दल "इथं काहीतरी वेगळं करू या" असं कुणी म्हणालं की दोनेक वर्षांत तिथं दोनच गोष्टी होतात, एकतर गोडाऊन नाहीतर मंगल कार्यालय, ते पण लॉन्ससकट. मंगल कार्यालयाशी माझं काही वाकडं नाही, अर्ध्या गावाची लग्नं तशीच लागलीत. पण १८७७ साली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग म्हणजे आपली जुनी मिल सुरू झाली, मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम अशी रांगच लागली, त्याच्या मागून पूर्व भागात घराघरात यंत्रमाग आले, एवढं सगळं झालेल्या गावात कारखान्याच्या जागेचं दुसरं काही होऊच शकत नाही हे काही पटत नाही.

ज्यांच्याकडे अशी जागा आहे किंवा जे चार-पाच जण मिळून अशी जागा शोधतायत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आर्किटेक्टला द्यायचा ब्रीफ म्हणून वापरलात तरी चालेल.

सुरुवातीलाच एक सांगतो, पुढचं सगळं त्यावरच उभंय. गॅलरी सगळ्यात शेवटी करायची. लोक उलटं करतात, आधी पांढऱ्या भिंती, ट्रॅक लाइट, काचेचं दार, उद्घाटनाला मंत्री, आणि जूनमध्ये पहिल्याच पावसात पन्हळ गळते आणि सगळं त्या पांढऱ्या भिंतीवर उतरतं. कागद, छप्पर, आग, मग कामाच्या जागा म्हणजे स्टुडिओ, आणि त्यातून पैसा आणि माणसं यायला लागली की मग प्रदर्शनाची जागा, हा क्रम सोडू नका.

उदाहरण बघायचं तर टेट मॉडर्न बघू नका. लंडनचं बँकसाइड वीजघर १९८१ ला बंद पडलं आणि २००० ला तिथं म्युझियम उघडलं, भारीच आहे, पण त्यामागे देशाची मोठी संस्था आणि प्रचंड निधी होता. आपल्याला जवळचं उदाहरण जर्मनीतल्या लाइपझिगचं. तिथली श्पिनेराय ही १८८४ साली सुरू झालेली सूतगिरणी, एकेकाळी युरोपातली मोठी गिरणी. १९९० नंतर सूत बंद पडत गेलं, चित्रकारांनी स्वस्तात खोल्या घेऊन काम सुरू केलं आणि गॅलऱ्या मोठ्या संख्येने आल्या त्या २००५ च्या सुमाराला. म्हणजे आधी दहा-बारा वर्षं नुसतं काम चाललं होतं.

पायरी १: जागा निवडणं

मोठ्या मिलच्या मागे लागू नका. एकरांमधली जमीन, जमिनीच्या भावात गुंतलेले बिल्डर, कोर्टातले दावे, त्यात तुमचं आयुष्य जाईल. दहा ते वीस हजार चौरस फुटांची एक धड शेड, पूर्व भागातला बंद टॉवेल कारखाना, एखादं डाईंग हाऊस, अक्कलकोट रोडला एमआयडीसीतलं बंद युनिट, जुनी जिनिंग-प्रेसिंग, हे आवाक्यातलं आहे. बघायला जाताना चार गोष्टी बघा: ट्रक आत येतो का (मोठं शिल्प रिक्षातून येत नाही), छताची उंची किमान १४-१५ फूट आहे का, शेजारी अजून माग चालतात का, आणि बसने आलेला माणूस चालत पोचेल का. शेजारी माग चालत असतील तर तो तोटा समजू नका, आवाज होईल खरा, पण पुढं त्याच शेजाऱ्यांची गरज लागणारेय.

एमआयडीसीचा प्लॉट असेल तर तो मालकीचा नसतो, लीजवर असतो, आणि वापर बदलायला एमआयडीसीची परवानगी लागते. तिथंच थांबून आधी लेखी विचारा.

पायरी २: कागद

कंटाळवाणं आहे पण इथं चुकलात तर बाकी सगळं वाया. सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक, सातबारा असेल तर तो, एनए (बिगरशेती) ऑर्डर, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, आणि वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट. बँकेचा बोजा आहे का ते बघा. कंपनी लिक्विडेशनमध्ये, म्हणजे गुंडाळून मालमत्ता विकायच्या प्रक्रियेत असेल तर फक्त मालकाशी बोलून काही होत नाही, कामगारांच्या देण्यांना तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीचा हक्क असतो आणि तो विषय सोलापुरात किती नाजूक आहे हे सांगायला नको. ज्या जागेवर कामगारांची देणी बाकी आहेत तिथं "कलेसाठी" म्हणून घुसलात तर गाव तुम्हाला कधीच माफ करणार नाही, आणि बरोबरच आहे ते.

महावितरणची आणि महापालिकेच्या मिळकत कराची थकबाकी काढून घ्या. वीजबिलाची जुनी थकबाकी नव्या ग्राहकाच्या गळ्यात पडू शकते, "ते आधीच्याचं आहे" म्हणून सुटत नाही.

भाड्याने घेत असाल तर मुदत लांब पाहिजे. ११ महिन्यांच्या करारावर छप्पर बदलणारा माणूस एकतर लय श्रीमंत असतो नाहीतर वेडा. महाराष्ट्रात भाडेपट्ट्यावरची स्टॅम्प ड्युटी मुदतीप्रमाणे चढते: ५ वर्षांपर्यंत बाजारमूल्याच्या १० टक्के रकमेवर, १० वर्षांपर्यंत २५ टक्के, २९ वर्षांपर्यंत ५० टक्के आणि त्याच्या वर गेलात की ९० टक्के रकमेवर खरेदीखतासारखी आकारणी. २९ वर्षांचे करार एवढे का दिसतात ते यावरून कळेल. करार रजिस्टर करा, आणि त्यात लिहून घ्या की मालकाने मधेच जागा विकली तर करार नव्या मालकावर बंधनकारक राहील, आणि तुम्ही छपरावर केलेला खर्च भाड्यातून वळता होईल. हे दुसरं कलम बहुतेक मालक आनंदाने मान्य करतात, कारण त्यांना रोख काहीच द्यायचं नसतं.

वापर बदलाचा अर्ज महापालिकेच्या नगररचना विभागात. डीपीत (शहराच्या विकास आराखड्यात) जागा औद्योगिक झोनमध्ये असेल तर २०२० ची एकत्रित विकास नियमावली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, ती समजणारा आर्किटेक्ट धरा. स्टुडिओ, वर्कशॉप, सभागृह, कॅफे हे नियमांच्या भाषेत वेगवेगळे वापर आहेत, सगळ्याला "कलाकेंद्र" असं मोघम लिहिलं की फाईल परत येते.

पायरी ३: काहीही न करता एक पावसाळा

जागा ताब्यात आली की हात शिवशिवतात, पण एक मे महिना आणि एक पावसाळा फक्त बघा. पाऊस पडत असताना आत जाऊन कुठं गळतंय ते नकाशावर खडूने नाही, मार्करने लिहा. दुपारी ऊन कुठं पडतं त्याचे फोटो, दर महिन्याला, एकाच जागेवरून. कुठल्या भिंतीला खालून ओल चढते, कुठं मीठ फुटतं. जमीन काळी असेल तर उन्हाळ्यात फरशी आणि भिंतीच्या सांध्यात भेग पडते आणि पावसाळ्यात मिटते, ही हलणारी भेग आणि स्ट्रक्चरची भेग वेगळी. भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ पट्टा लावून तारीख टाका, तडकला की कळतं, एक-दोनशे रुपयांचं काम आहे.

या काळात जागेचं पूर्ण मोजमाप घ्या आणि जे आहे ते सगळं फोटोत धरा, भिंतीवरचे खात्यांचे नंबर, सूचनांच्या पाट्या, मशीनच्या नट-बोल्टच्या खुणा. नंतर मजूर एका दिवसात सगळं चकाचक करून टाकतात आणि मग भिंतीवर काय होतं ते कुणाला आठवत नाही.

पायरी ४: साफसफाई, म्हणजे विषारी गोष्टी

मजुरांना झाडू देऊन सोडू नका.

रुईचं तूस तुळयांवर, पाइपांवर वर्षानुवर्षं साचलेलं असतं. ते भसाभस पेटतं. झाडून किंवा कॉम्प्रेसरने उडवून काढायचं नाही, इंडस्ट्रियल व्हॅक्यूमने ओढायचं, आणि ते निघेपर्यंत आत वेल्डिंग, ग्राइंडर बंद म्हणजे बंद. पारव्यांची विष्ठा कोरडी खरवडली की तिच्यातून फुफ्फुसाचे आजार होतात, आधी पाणी मारून ओली करायची आणि चांगला मास्क. रुमाल नाही, मास्क.

सिमेंटचे पत्रे, म्हणजे एसी शीट, जुने असतील तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस धरूनच चाला. अखंड, रंगवलेला पत्रा वर पडून असेल तर तो लगेच मारत नाही. तोडला, ड्रिल केला, घासला की धोका. काढायचाच असेल तर ओला करून, बोल्ट कापून अख्खा उतरवायचा, जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळायचा आणि घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत संस्थेलाच द्यायचा. भंगारवाल्याला दिला की तो कुणाच्यातरी गोठ्यावर जाऊन बसतो. बॉयलर हाऊसमधल्या पाइपांवरचं पांढरं गुंडाळलेलं इन्सुलेशन तर त्याहून वाईट, त्याला अनुभवी माणसाशिवाय हात लावू नका.

डाईंग हाऊस असेल तर हौदांजवळची आणि नाल्याजवळची माती लॅबला पाठवा, क्रोमियम, शिसं आणि तेल तपासायला सांगा. ट्रान्सफॉर्मर यार्डातली तेलकट माती पण. आवारात विहीर असेल तर तिचं पाणी तपासल्याशिवाय झाडांना सुद्धा घालू नका. रिपोर्ट खराब आला तर घाबरायचं कारण नाही, तो भाग फरशीखाली बंद करता येतो किंवा माती बदलता येते, फक्त लहान मुलांची मातीकामाची वर्कशॉप तिथं ठेवायची नाही एवढी अक्कल पाहिजे.

तेल मुरलेल्या काँक्रीटवर इपॉक्सी टिकत नाही, सहा महिन्यांत पापुद्रे निघतात. डिग्रीझरने धुवा आणि तसंच ठेवा. शहाबादी फरशी असेल तर नशीबवान आहात, ती उखडून व्हिट्रिफाइड टाइल बसवायची जर कुणी सूचना केली तर त्या माणसाला कमिटीतून काढा.

पायरी ५: स्ट्रक्चर

लायसन्स असलेला स्ट्रक्चरल इंजिनीअर, आणि तो असा की ज्याने जुनं बांधकाम आधी हाताळलंय. फक्त नवीन आरसीसी करणारा इंजिनीअर जुनी भिंत बघितली की "पाडा" म्हणतो, त्याचं पण चुकत नाही, त्याला ते शिकवलेलंच नसतं.

जुन्या शेडचे गोल खांब बऱ्याचदा बिडाचे (कास्ट आयर्नचे) असतात. बीड दाबाला दणकट, पण ठिसूळ: धक्का, वाक आणि वेल्डिंग तिन्ही त्याला चालत नाही. चित्रं टांगायला खांबाला भोक पाडणं किंवा ब्रॅकेट वेल्ड करणं सक्त मनाई, पट्टा आवळून क्लॅम्प लावा. आणखी एक गंमत म्हणजे बऱ्याच जुन्या शेडमध्ये हे खांब पोकळ असतात आणि छपराचं पाणी त्यांच्या आतूनच खाली जातं. वर तूस आणि पारव्यांची घरटी अडकली की पाणी आत साचून खांब आतून गंजतो, बाहेरून रंग एकदम मस्त दिसत असतो. जाडी अल्ट्रासॉनिक गेजने तपासून घ्या आणि पावसाचं पाणी शक्यतो बाहेरच्या नव्या पाइपमधून वळवा.

भिंती दगड-चुन्याच्या किंवा वीट-चुन्याच्या असतील तर सिमेंटने दर्जा (दगड-विटांमधले सांधे) भरू नका. चुना श्वास घेतो, ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं आणि मग दगडाचं तोंडच सुटून येतं. चुन्यानेच भरायचं, सुरखी म्हणजे विटांची भुकटी घालून. जुन्या पद्धतीने घाण्यात चुना मळणारे गवंडी कमी झालेत पण मंदिरांच्या जीर्णोद्धाराची कामं करणाऱ्यांना विचारा, माणसं मिळतात. भिंतीत पिंपळ उगवला असेल तर नुसता छाटून उपयोग नाही, मूळ मारून पोकळी चुन्याने भरायची.

३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आपल्याकडे सगळ्यांना आठवतो, आणि तिथं घरं पडली ती जड दगडी भिंती एकमेकींना आणि छपराला नीट बांधलेल्या नव्हत्या म्हणून. त्यामुळे छपराची कैची (ट्रस) भिंतीला अँकर करणं, वरून पट्टा फिरवणं याला "नंतर बघू" करू नका. मजल्यावर लोक जमणार असतील तर इंजिनीअरला चौरस मीटरला ५०० किलोच्या हिशोबाने तपासायला सांगा. "इथं एवढी मशिनं होती, माणसं काय जड" हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. मशीन एका जागी बसतं, माणसं उद्घाटनाच्या दिवशी सगळी एका कोपऱ्यात चहापाशी जमतात.

चिमणी असेल तर तडित-रोधक, लोखंडी कडे आणि वरची तोंडाकडची वीट ड्रोनने बघा, आणि चिमणीभोवती तिच्या पडझडीचा अंदाज धरून कुंपण. २०२३ च्या जूनमध्ये विमानतळासाठी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी काही सेकंदात खाली बसलेली सगळ्या सोलापूरने बघितली, त्यामुळे होटगी रोडच्या बाजूला काही उंच उभं करायचं डोक्यात असेल तर विमानतळाच्या उंचीच्या मर्यादा आधी तपासा.

पायरी ६: छप्पर आणि उजेड

इथं जरा वेळ घेतो, कारण सगळ्यात जास्त पैसा इथं जातो आणि सगळ्यात जास्त गैरसमज पण इथंच.

करवतीच्या दातांसारखं छप्पर, ज्याला नॉर्थ लाइट म्हणतात, ते विणकरांसाठी होतं. उत्तरेकडून येणारा उजेड सावली पाडत नाही, धाग्यातला दोष दिसतो. तोच उजेड चित्रकाराला पाहिजे असतो, म्हणून जगभर अशा शेड कलाकारांनी उचलल्या. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बीकन गावात १९२९ साली बांधलेला बिस्किटांच्या खोक्यांच्या छपाईचा कारखाना २००३ मध्ये डिया बीकन म्हणून उघडला, तिथलं प्रदर्शन मुख्यतः छपरातून येणाऱ्या उजेडावर चालतं. बीजिंगच्या ७९८ मध्ये, म्हणजे जुन्या कारखान्यांत उभ्या राहिलेल्या कलावस्तीत, पण तेच दातेरी छप्पर आहे.

पण न्यूयॉर्क आणि बीजिंग साधारण ४० अंश उत्तरेला आहेत, आपण साडेसतराच्या थोडं वर. शून्य सावली दिवस आठवा, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ते ऑगस्ट लागेपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळ तर मार्चपासूनच तो उत्तरेकडे झुकलेला असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात उत्तरेच्या काचेतून थेट ऊन आत येतं. काच तिरकी असेल तर जास्तच. परदेशी पुस्तकातला "उत्तरेचा उजेड सुरक्षित" हा नियम इथं वर्षातले काही महिने लागू पडत नाही. उपाय साधा आहे, काचेच्या वर बाहेरून छज्जा किंवा आडव्या पट्ट्या, आणि आतून पांढरं पारदर्शक नसलेलं डिफ्यूझर. पट्ट्या बाहेरूनच पाहिजेत, आतून पडदा लावला तर उष्णता आधीच आत आलेली असते.

उजेड मोजायचा लक्समीटर घ्या, स्वस्तात मिळतो. कागदावरची चित्रं, फोटो, जुनं कापड यांना ५० लक्सच्या वर नको, तैलचित्र, अ‍ॅक्रिलिकला २०० पर्यंत ठीक. नॉर्थ लाइटखाली दुपारी हजार लक्स सहज मिळतात, म्हणजे स्टुडिओसाठी स्वर्ग आणि जुन्या चादरीच्या नमुन्यासाठी मरण. म्हणून शेडचा उजेडाचा भाग कामाला आणि शिल्पांना द्या, आणि कागद-कापडासाठी आत वेगळी बंद खोली करा, खोलीत खोली.

पत्रा बदलताना खाली इन्सुलेशन न घालता नुसता रंगीत पत्रा टाकला तर एप्रिलमध्ये आत कुणी बसणार नाही. इन्सुलेटेड पॅनल घेताना आतला फोम कुठला ते विचारा, साधा थर्माकोल भरलेला पॅनल आगीत भयानक, रॉकवूलचा महाग पडतो पण तोच घ्या. वरून पांढरा परावर्तक रंग. दोन दातांच्या मधली पन्हळ रुंद करा आणि तिच्यात माणूस उभा राहून साफ करू शकेल अशी जागा आणि शिडी ठेवा. गळती पत्र्यातून कमी आणि पन्हळीतून जास्त होते.

पायरी ७: उष्णता आणि पाणी

पूर्ण शेडला एसी बसवायचा विचार सोडा, बिल बघून संकुल बंद कराल. आपला उन्हाळा कोरडा आहे, आणि मिलवाले हे ओळखून होते, सूत तुटू नये म्हणून त्यांनी हवा दमट ठेवणारे ह्युमिडिफिकेशन प्लांट लावले, जमिनीखालून डक्ट फिरवले. ते डक्ट शाबूत असतील तर सोनं आहे, मोठे डेझर्ट कूलर पद्धतीचे एअर वॉशर बसवून तीच हवा फिरवता येते आणि त्यातूनच वायरिंग पण जातं. पण हे फक्त स्टुडिओ आणि वर्कशॉपसाठी. कागद असलेल्या खोलीत ओली हवा सोडायची नाही, तिथं आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत स्थिर पाहिजे, म्हणून त्या एका छोट्या खोलीला चांगला एसी आणि डीह्युमिडिफायर. दुसऱ्या संस्थेकडून चित्रं उसनी आणायची असतील तर ते याचे रेकॉर्ड मागतात.

पाणी कुठून आणणार हे सोलापुरात मी विचारायची गरज आहे का! नळाला काही दिवसांआड येतं त्या हिशोबाने टाक्या. एवढ्या मोठ्या छपराचं पावसाचं पाणी साठवा, जुने डाईंगचे हौद स्वच्छ निघाले तर ते त्यासाठीच बनलेत असं समजा. संडास पुरेसे आणि दारातून दिसतील असे, बायका कार्यक्रमाला थांबतात की अर्ध्यात निघून जातात ते यावर ठरतं. रॅम्प पाहिजेच, २०१६ चा दिव्यांग कायदा आहे, आणि मोठी शिल्पं ढकलायला पण तोच उपयोगी.

पायरी ८: आग

२९ डिसेंबर २०१७ ला मुंबईच्या कमला मिल कंपाऊंडमध्ये १४ जण गेले. मिलच्या जागेत नवीन वापर, ज्वलनशील आडोसे, बाहेर पडायच्या वाटा अडलेल्या. हे विसरून चालणार नाही.

अग्निशमन दलाची आधी प्रोव्हिजनल आणि शेवटी फायनल एनओसी. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याखाली परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, फॉर्म बी म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला द्यावा लागतो. लोक जमणाऱ्या जागेची बाहेर पडायची दारं राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे दोन मीटर रुंद पाहिजेत आणि बाहेरच्या बाजूला उघडणारी, मिलचं सरकतं दार दिसायला भारी असलं तरी ते बाहेर पडायचा मार्ग म्हणून धरत नाहीत. ते उघडं ठेवून त्याच्या शेजारी नवं दार काढा.

कलाकारांची पण जबाबदारी आहे. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून टाकल्या की त्या आपोआप पेटतात, काडी लावावी लागत नाही. झाकणाचा पत्र्याचा डबा, रोज रिकामा. टर्पेंटाइन स्टुडिओत एका दिवसापुरतं, बाकी बाहेरच्या कपाटात.

पायरी ९: आत काय ठेवायचं

साधारण निम्मी जागा स्टुडिओंना. भिंती छतापर्यंत नेऊ नका, दहा फुटांचे पार्टिशन ठेवा म्हणजे उजेड आणि हवा फिरते, फक्त फायरवाल्यांशी आधी बोला. मग एक सामायिक वर्कशॉप: छापचित्राची प्रेस, लाकूडकाम, वेल्डिंगचा वेगळा कोपरा. यातलं एकही मशीन एकट्या कलाकाराला परवडत नाही, म्हणून माणसं इथं येतात.

आणि सोलापुरात असाल तर एक चालू माग पाहिजेच, जेकार्डचा, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांवरून नक्षी विणणारा. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेला आहे, पूर्व भागात वॉल हँगिंगमध्ये माणसांचे चेहरे विणणारे कारागीर आहेत, ज्यांच्या पद्मशाली घरांमध्ये हे काम पिढ्यांचं आहे, आणि आपण मुंबई-बडोद्याहून चित्रकार आणून त्यांना पांढऱ्या भिंती दाखवणार? जेकार्डचं पंचकार्ड म्हणजे भोकांची भाषा, तरुण कलाकाराला कॉम्प्युटरइतकंच ते खेचून घेतं. पण कारागिराला "डेमो" साठी बसवू नका. त्याला दिवसाची मजुरी, आणि जे काम दोघांनी मिळून केलं त्यावर दोघांचं नाव, करारात लिहून.

शेडमध्ये आवाज घुमतो, भाषण कळत नाही. रॉकवूलच्या चौकटीवर टर्किश टॉवेलचं कापड ताणून भिंतींना लावा, अग्निरोधक प्रक्रिया करून. बाजारातल्या अकॉस्टिक पॅनलपेक्षा स्वस्त पडतं आणि माल गल्लीतलाच.

जुन्या कामगारांच्या आठवणी रेकॉर्ड करायला सुरुवात पहिल्या महिन्यातच करा, इमारत थांबेल, सत्तर-ऐंशीच्या घरातले काका-मावशी थांबणार नाहीत. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, ज्यांना ज्या भाषेत बोलायचं त्या भाषेत. हजेरी कार्ड, युनियनच्या पावत्या, फोटो स्कॅन करून मूळ कागद घरी परत द्या, तुमच्याकडे ठेवून घेऊ नका. १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले चार हुतात्मे, त्या आंदोलनात गिरणी कामगार सामील होते, हा इतिहास असलेल्या गावात कामगाराला फक्त भिंतीवरचा काळा-पांढरा फोटो करून ठेवणं बरं दिसत नाही. गेटवर, गाइड म्हणून, कमिटीत त्यांना जागा द्या.

पायरी १०: पैसा

संस्था कुठली करायची? सार्वजनिक न्यास किंवा सेक्शन ८ (ना-नफा) कंपनी, आणि पाठोपाठ संस्थेला आणि देणगीदारांना करसवलत देणाऱ्या आयकराच्या नोंदण्या, ज्यांना सगळे १२ए, ८०जी म्हणत आलेत. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत कला, वारसा आणि ऐतिहासिक इमारतींचं जतन हे सीएसआरमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या खर्चात बसतं, त्यामुळे एमआयडीसीतल्या आणि साखर कारखानदारीतल्या मंडळींकडे छपरासाठी मागता येतं. छपरासाठीच मागा, कार्यक्रमासाठी नको. कार्यक्रमाचा बॅनर फाटतो, छपरावरचं नाव तीस वर्षं राहतं, हे देणाऱ्याला पण पटतं.

बजेटचा तिसरा हिस्सा छपरात जाईल असं धरा, आणि एक दशांश बाजूला ठेवा, भिंत उघडल्यावर काय निघेल ते कुणालाच माहीत नसतं. महिन्याचा खर्च स्टुडिओच्या भाड्यातून निघाला पाहिजे, तिकिटातून आणि चित्रविक्रीतून नाही. सोलापुरात समकालीन कलेचा ग्राहक अजून घडायचाय. भाडं तीन पातळ्यांवर ठेवा: डिझाइन ऑफिस, फोटो स्टुडिओ अशांना बाजारभाव, कलाकारांना त्याच्या निम्म्यात, आणि एक-दोन खोल्या नव्याने शिकून आलेल्यांना जवळपास फुकट. करार तीन वर्षांचे, वाढ किती ते आधीच लिहिलेलं. ७९८ मध्ये जागा प्रसिद्ध झाली, भाडी चढली आणि सुरुवातीच्या बऱ्याच कलाकारांना निघावं लागलं. ते टाळायला लागतं ते कलम पहिल्या दिवशी लिहायचं, नंतर कुणी लिहून देत नाही.

आणि हो, "फक्त सीझनपुरतं, दोन लग्नं दिली तर वर्षाचं लाइट बिल निघतंय की बे" हे कुणीतरी म्हणणारच, बहुतेक खजिनदार. हिशोबाने त्याचं बरोबर असतं. पण दोन लग्नांसाठी स्वयंपाकाचा ओटा लागतो, मग जनरेटर, मग पार्किंग, मग स्टुडिओवाले मे महिन्यात "अ‍ॅडजस्ट" करतात आणि पुढच्या वर्षी येत नाहीत. न्यासाच्या घटनेतच बंदी घाला. नाटक, गाणं, पुस्तक प्रदर्शन, हातमाग बाजार याला भाड्याने द्या की.

पायरी ११: उघडणं

एकदम उघडू नका. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधला इलेक्ट्रिकल पार्टचा कारखाना १९८५ ला बंद झाला, मास मोका म्हणून १९९९ ला उघडला आणि त्यातली एक मोठी इमारत तर २०१७ ला उघडली. तुम्ही पहिल्या वर्षी एक शेड करा, बाकीच्याला फक्त छप्पर आणि कुलूप.

पहिला कार्यक्रम म्हणजे खुले स्टुडिओ, शनिवार-रविवार, कलाकार काम करतायत आणि लोक फिरतायत. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसात जानेवारीत ठेवलात तर गावात माणसं असतात आणि हवा पण बरी असते. पाट्या चार भाषांत, मोठ्या अक्षरात, आणि चित्राखाली "अमूर्त संवेदनांचा शोध" असलं काही लिहू नका, कसं केलंय, कशापासून केलंय ते लिहा, पूर्व भागातला माणूस मटेरियल आणि विणीवरून पाच मिनिटांत चर्चेला लागतो.

उघडल्यावर एक माणूस पगारी पाहिजे, फक्त देखभालीला. मेच्या शेवटी पन्हळी आणि पाइप साफ, जानेवारी-जुलैत फॉर्म बी, दिवाळीनंतर दर्जा आणि पिंपळाची पाहणी, दर महिन्याला बाहेरची दारं उघडून बघणं, कारण त्यांच्यासमोर हमखास कुणीतरी कॅनव्हासचे गठ्ठे लावून ठेवतं. प्रत्येक कामाची पावती आणि फोटो एका फाईलला लावा, कमिटी बदलली की गेल्या वर्षी कुणी, कसं आणि कितीला केलं ते विचारायला दुसरी जागा नसते.